लेक चार तासांवर

३ मार्च, मंगळवार

आजपासून मी ह्यांच्याशी बोलणार नाही. पण न बोलता राहिले तर माझं पोट फुटेल, म्हणून ही वही. गिऱ्हाइकांची मापं लिहायची वही आहे, मी मागच्या बाजूने सुरुवात केलीय. पुढून छाती-कंबर, मागून माझा संताप.

झालं असं. ढब्बूकडे जायचं तिकीट काढायला आम्ही दोघं सकाळी तिकीटवाल्या बाईकडे गेलो. ढब्बू म्हणजे आमची एकुलती एक लेक. जन्मली तेव्हा गोल गरगरीत होती, नाव पडलं ते पडलंच. आता तिशी ओलांडली आणि आठवा महिना चालू आहे, त्यामुळे नाव पुन्हा शोभायला लागलंय. सहा वर्षांपूर्वी लग्न करून ती त्या लांबच्या शहरात गेली. लांबच्या म्हणजे विमानाने चार तासांवरच्या. असं मी आज सकाळपर्यंत समजत होते.

तिकीटवाली म्हणाली, "आजी, पायांत ते घट्ट मोजे घाला बरं का. इतका वेळ बसून पाय सुजतात."

मी म्हटलं, "चार तासांना मोजे कशाला? मी मशीनवर एका बैठकीला चार तास बसते."

"चार नाही हो आजी. चौदा."

"चौदा काय?"

"तास."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. चष्मा खिशात होता.

मी काय एवढी ढ आहे? मुळीच नाही. ढब्बू पहिल्यांदा निघाली तेव्हा तिचं तिकीट आमच्या जेवणाच्या टेबलावर पडलं होतं. नऊ दहाला सुटतं, एक वीसला पोचतं. मी स्वतः वजाबाकी केली. चार तास दहा मिनिटं! आणि शेजारी कोण बसलं होतं? हे. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. आमच्या भिंतीवर दोन घड्याळं आहेत, एक आमचं आणि एक ढब्बूच्या गावचं, दहा तास मागे. ह्यांनीच लावलंय ते. म्हणजे विमान इकडच्या घड्याळात सुटतं आणि तिकडच्या घड्याळात उतरतं, आणि मी एका घड्याळातून दुसरं वजा केलं. एकाच्या बाहीचं माप दुसऱ्याच्या खांद्याला लावलं. मी! जिच्या हातून पाव इंचाची चूक होत नाही ती मी!

आणि हा माणूस सहा वर्षं गप्प बसला.

घरी आल्यावर विचारलं. म्हणाले, "अगं, तू तेव्हा तीन दिवस जेवली नव्हतीस. चार तास म्हणालीस आणि उठून ताट वाढून घेतलंस. मग मी कशाला बोलू?"

ढब्बू दोनदा आली तेव्हा पुरता एक दिवस लागला होता तिला. तेव्हाही मी विचारलं होतं. तर म्हणे, "जाताना वारा पाठीशी असतो, येताना तोंडावर." मी हे अख्ख्या गल्लीला समजावून सांगितलंय. शिकल्यासवरलेल्या बायकांना सांगितलंय. त्यांतल्या कितीजणी घरी जाऊन हसल्या असतील!

४ मार्च, बुधवार

ढब्बूला फोन केला. तिला तरी खडसावायचं होतं.

"तुला ठाऊक होतं?"

"आई, मी प्रवास केलाय गं तो."

"मग सांगितलं का नाहीस?"

 मग म्हणाली, "तू म्हणायचीस ना, नुसता फोन कर, सकाळी निघाले की दुपारी तुझ्या दारात उभी. मला ते ऐकायला बरं वाटायचं. खोडावंसं नाही वाटलं."

म्हणजे बाप सामील, लेक सामील. घरात शहाणे दोन आणि वेडी एक. जावईबापूंनाही ठाऊक असणारच. त्यांना दे म्हटलं, त्यांनाही दोन शब्द सुनावते, तर म्हणे ऑफिसात आहेत. तिकडे तेव्हा पहाटेचे सहा वाजले होते, भिंतीवर बघूनच फोन केला होता मी. पहाटे सहाला ऑफिस! कामाने मरायचा तो मुलगा एक दिवस.

पण खरी गोष्ट मी अजून लिहिलेली नाही. मला बंद जागेत बसवत नाही. लिफ्टमध्ये मी पाऊल टाकत नाही, बसमध्ये दाराजवळची जागा नसेल तर उभी राहते, न्हाणीघराला कडी लावत नाही. म्हणूनच तर सहा वर्षांत गेले नाही. पण पहिलं बाळंतपण आईशिवाय करायचं नाही, हे ढब्बूला मी शब्द देऊन सांगितलं होतं. मन घट्ट केलं होतं ते चार तासांचं. चार तासांत काय, दोनदा चहा, एक डुलकी, एखादी शिलाई हातात. जमलं असतं. चौदा तासांचं मन माझ्याकडे नाही. ते कुठून आणू?

७ मार्च, शनिवार

न बोलण्याचा पाचवा दिवस. ह्यांना फरक पडलेला दिसत नाही. दुकानातून येतात, दोन्ही घड्याळांना किल्ली देतात, आणि घड्याळांशी बोलल्यासारखं मला ऐकवतात. "आज गरम होतंय बुवा." घड्याळ काय उत्तर देणार!

चौकातल्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात पृथ्वीचा गोल ठेवलाय. आज तिथे जाऊन गळ्यातली टेप काढली आणि मापलं. आपल्या गावापासून ढब्बूच्या गावापर्यंत टेप लावली तर ती गोलाच्या पोटावरून पार पलीकडे गेली. दोन्ही टोकं एका वेळी दिसेनात. एक बघायचं तर दुसरं लपतं. दुकानदार म्हणाला, "काकू, गोलाला कपडे शिवताय का?" मी त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो आत निघून गेला.

जावईबापूंसाठी जाकीट शिवायला घेतलंय, गडद निळं, आतून अस्तर. रिकाम्या हाताने कसं जायचं? ढब्बूला म्हटलं, त्यांच्या खांद्याचं आणि छातीचं माप घेऊन पाठव. "बघते," म्हणाली. आज परत विचारलं तर "नको शिवूस गं, त्यांचं माप बदललंय." अगं बदललंय तर घे की नवीन! घरात एक टेप, एक नवरा, दोन मिनिटांचं काम. आजकालच्या मुलींना नवऱ्याच्या पाठीला टेप लावायलाही वेळ नाही. लग्नातल्या मापावर दोन इंच वाढवून कापलं शेवटी. सैल झालं तर झालं.

११ मार्च, बुधवार

आज माझं डोकं फिरलं आणि मी ढब्बूला सांगून टाकलं, मी येत नाही.

सकाळी सराव म्हणून बँकेच्या लिफ्टपाशी गेले. दार उघडलं, आत एक बाई आणि तिचं पोर. बाई म्हणाली, "या ना." मी एक पाय आत टाकला आणि तो असा काही झटक्यात ओढून घेतला की चप्पल आतच राहिली. दार बंद. चप्पल माझ्याआधी चौथ्या मजल्यावर गेली. रखवालदाराने आणून दिली, वर हसला. घरी येईपर्यंत मी नुसती धुमसत होते. ह्यांच्यावर, लिफ्टवर, ज्या कोणी विमानं काढली त्याच्यावर, आणि ह्या पृथ्वीवर, जी इतकी मोठी असायचं काही कारण नव्हतं.

फोन लावला आणि म्हटलं, "ढब्बू, चौदा तास माझ्याच्याने होणार नाहीत. तुझा नवरा आहे, तिथे दवाखाना चांगला आहे. माझं काय अडलंय?"

"बरं," म्हणाली.

एवढंच. नुसतं बरं! ना रुसली, ना रडली, ना "ये ना गं आई". मी दहा वेळा नाही म्हणायची तयारी करून बसले होते, आणि हिने एकदाही आग्रह केला नाही. वर म्हणते, "तू काळजी करू नकोस, जेवलीस का?" लेक परकी होते म्हणतात ते खोटं नाही.

हे दारात उभे राहून ऐकत होते. जेवायला बसले नाहीत. न जेवू देत.

१२ मार्च, गुरुवार

रात्रभर ते "बरं" कानात वाजत होतं. म्हणून सकाळी सरळ जावईबापूंना फोन लावला, त्यांच्या स्वतःच्या नंबरवर. म्हटलं, मी येत नाहीये, तेव्हा तिच्याकडे नीट लक्ष ठेवा.

पलीकडून आधी दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "कशी आहे ती?"

ऐका! नवऱ्याने सासूला विचारायचं, बायको कशी आहे! मी म्हटलं, "मला काय विचारता? डोळे वर करून बघा जरा." तर म्हणाले, "हो, हो. बरोबर आहे तुमचं." आणि ठेवला फोन. चोवीस तास ऑफिसात पडीक राहिलं की दुसरं काय होणार. जाकिटाला आतला खिसा लावणार होते, तो रद्द.

हे सगळं मी मोठमोठ्याने ह्यांना ऐकू जाईल असं स्वतःशी बोलले. ह्यांच्या हातात एक बाईचं घड्याळ होतं, उघडलेलं. ते त्यांनी खाली ठेवलं. आणि लग्न झाल्यापासून जे कधी केलं नाही ते केलं. आवाज चढवला.

"तू जा. मला कानाच्या ऑपरेशनमुळे डॉक्टर विमानात बसू देत नाहीत, नाहीतर मी केव्हाच गेलो असतो. काही विचारू नकोस, जा."

मी म्हटलं, "आधी खोटं सांगायचं आणि मग ओरडायचं, वा!" न बोलण्याचं व्रत मोडलं ते त्या वाक्याला. मोडायचंच होतं तर निदान चांगल्या वाक्याला तरी मोडायचं.

१४ मार्च, शनिवार

ह्यांनी एक शक्कल काढली. माझ्या दुकानात कपडे घालून बघायची खोली आहे. खोली कसली, खोकं. एक आरसा, एक खुंटी, एक स्टूल, आणि आता पडद्याच्या जागी ह्यांनी सुताराकडून लाकडी दार बसवून आणलं. म्हणाले, "हे विमान. तू आत बस. मी बाहेर बसतो. थोडं थोडं वाढवू."

मी म्हटलं, "तुमच्या विमानात कोण बसणार? तुम्ही दाराला कुलूप लावून सहा वर्षं गप्प बसाल."

पण बसले. पहिल्यांदा कसाबसा एक चहा उकळेपर्यंत. बाहेर येऊन ह्यांना वाटेल ते बोलले. राग आला की मला घाबरायला वेळ मिळत नाही, हे आज नवीन कळलं. मग ठरवूनच टाकलं. आत गेले की ह्यांची एकेक चूक आठवायची. हनिमूनला विसरलेली छत्री. माझ्या बहिणीसमोर मारलेली ती जांभई. सामान पुरेसं आहे.

१६ मार्च, सोमवार

आतूनच गिऱ्हाइकं करते. कोपऱ्यावरच्या नर्सबाई पँटची चेन बदलायला आल्या. मी आतून म्हटलं, "टाका तिथे, परवा या."

"तुम्ही आत काय करताय?"

हे म्हणाले, "विमानात आहेत."

नर्सबाईंनी काही विचारलं नाही. त्या लोकांना सवय असते.

दुपारी आत बसून जाकिटाचं अस्तर हाताने शिवलं. मांडीवर काम असलं की भिंती जरा लांब सरकतात. ढब्बूने स्वतःहून फोन केला. तिला डॉक्टरांनी अंथरुणावर पडून राहायला सांगितलंय. मी विचारलं, मग तुला खायला-प्यायला कोण देतं? म्हणाली, "शेजारच्या काकू डबा आणतात." शेजारच्या काकू! आणि नवरा? "दौऱ्यावर." मला इतकी चीड आली की मी फोन ठेवला आणि दार उघडायलाच विसरले. संध्याकाळी ह्यांनी दार वाजवलं तेव्हा लक्षात आलं.

१७ मार्च, मंगळवार

पुन्हा! पुन्हा फसवलं मला!

आज आम्ही चार तास करायचं ठरवलं होतं. माझ्या मनगटावरचं घड्याळ बघत आत बसले. ढब्बूसाठी दोन ढगळ झगे बेतून कापून हाताने टाचले. वेळ संपेना. घड्याळ मुंगीच्या चालीने चाललेलं. एकदा घामाने न्हाले, एकदा दाराला हात लावला, पण ह्यांना "जमत नाही" म्हणून दाखवायचं नव्हतं. घड्याळात चार तास भरले आणि ऐटीत बाहेर आले. बाहेर दिवे लागलेले. समोरचं औषधांचं दुकान बंद होत होतं.

मी सकाळी आत बसले होते.

ह्यांनी माझं घड्याळ काल "साफ करतो" म्हणून घेतलं होतं. साफ कसलं, हळू केलं. इतकं हळू की मला चार तास वाटावेत आणि बाहेर दिवस मावळावा. मी विचारलं, किती वेळ बसले मी? तर मान खाली घालून म्हणाले, "खूप. विमानात बसशील जवळजवळ तेवढं."

मी हातातली कात्री खाली ठेवून मग बोलले, तेवढं भान होतं. आयुष्यात दोनदा तुम्ही मला वेळेत फसवलंत, म्हटलं. घड्याळजी आहात की चोर आहात? ह्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याचीही चीडच आली. रडायचं मी, तर हे आधीच रडून बसले.

तिकीट परवाचं आहे. रद्द केलंच नव्हतं ह्यांनी. मला न विचारता! ह्या घरात मला विचारून काय होतं?

१९ मार्च, गुरुवार, विमानात

अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.

विमानतळावर काचेच्या दाराशी ह्यांनी हात पुढे केला. मला वाटलं डोक्यावर ठेवतात की काय. तर म्हणाले, "घड्याळ काढून दे. बघत बसशील." काढून दिलं. खिशात घालताना त्यांनी ते कानाला लावलं. सवय.

मग म्हणाले, "तिथे गेल्यावर ढब्बूला लगेच काही बोलू नकोस."

"काय बोलायचंय मला?"

"काही नाही. बोलू नकोस."

दार लावलं तेव्हा मी दोन्ही हातांनी पट्टा धरला. शेजारी एक जाडे गृहस्थ, ते आधीच घोरायला लागले. खिडकी मी लावून घेतली. छत्रीपासून सुरुवात केली. छत्री झाली, जांभई झाली, हळू केलेलं घड्याळ झालं, मग सगळे नातेवाईक झाले, मग जावई. जावई मला बराच वेळ पुरला. जेवण आलं, कागदाच्या चवीचं. परत दिलं नाही, रागाने खाल्लं.

ते मोजे घातलेत. तरी पाय सुजले. तिकीटवालीचं खरं होतं.

मध्ये एकदा भिंती फारच जवळ आल्या. उठून मागे गेले, विमानाच्या मुलीला म्हटलं, मला इथे उभी राहू दे. ती म्हणाली, "किती वेळ?" मी म्हटलं, "मला वेळ विचारू नकोस, बाई." तिने पाणी दिलं. तिच्या कोटाची शिवण काखेत उसवली होती. मी सुई-दोऱ्यासाठी पिशवीत हात घातला, पण सुई नेऊ दिली नव्हती त्यांनी, दोराच उरला होता. दोरा धरून उभी राहिले.

१९ मार्च, इथे अजून गुरुवारच, रात्री

ढब्बू समोर पलंगावर झोपलीय. मी खाली गादीवर बसून लिहितेय.

विमानतळावर शेजारच्या काकू आल्या होत्या घ्यायला. जावई नाही. वाटेत गाडीत मी त्यांना जावयाबद्दल विचारलं, तर त्यांनी गाणं मोठं केलं.

ढब्बूच्या घरी दाराशी चपलांचा एकच जोड. खुंटीवर एकच कोट. न्हाणीघरात एकच दात घासायचा ब्रश. मी मापं घेणारी बाई आहे, खोलीत शिरले की मला माणसं मोजता येतात. ह्या घरात एकच माणूस राहतं.

मी काही बोलले नाही. ह्यांनी बजावलं होतं. म्हणजे ह्यांना हेही ठाऊक होतं. त्याचा हिशेब परतल्यावर.

पिशवीतून जाकीट काढलं. ढब्बूने ते हातात घेतलं, उलटून अस्तर पाहिलं, आणि मग तिचा चेहरा फुटला. "पाच महिने झाले गं आई."

पाच महिने! मला इतका राग आला की उभी राहिले. त्या माणसावर आलाच, पण त्याहून हिच्यावर. पाच महिने पोटात बाळ घेऊन एकटी, आणि मला विचारत होती जेवलीस का.

"सांगितलं का नाहीस? मी त्याच दिवशी निघाले असते!"

"म्हणूनच नाही सांगितलं." तिने डोळे पुसले. "तू निघाली असतीस आणि मग तुला कळलं असतं, किती लांब आहे ते. मग मला कोणाला म्हणता आलं असतं, आई चार तासांवर आहे?"

मी तिला जाकीट घातलं. बाह्या लांब, खांदे ओघळलेले. पण पुढची बटणं पोटावरून बरोबर लागली. दोन इंच वाढवून कापलं होतं ते कामी आलं. बाह्या उद्या आखूड करते, सुई इथेच कुठेतरी मिळेल.

मग ह्यांचा फोन आला. "पोचलीस?" मी म्हटलं, "पोचले. तुमच्याशी मी बोलत नाही." म्हणाले, "बरं." हाही बरं म्हणतो! तिचं ते बरं कुठून आलं ते आज कळलं. दोघांच्या त्या बऱ्याला काडी लावावीशी वाटते मला. तरी म्हटलं, दोन्ही घड्याळांना किल्ली द्या, आणि जेवून घ्या.

जेवताना ढब्बू म्हणाली, "बाळ झालं, तू परत गेलीस, की पुन्हा मी एकटीच."

"एकटी कसली? फोन कर, आले."

"आई, चौदा तास आहेत गं."

"कोण म्हणतं?"

"आता तुलाही माहीत आहे."

"विमानात तू बसून आलीस की मी? चार तास लागतात. वारा पाठीशी असतो."

ती हसायला लागली, जाकिटासकट. हसता हसता पोटाला हात लावून म्हणाली, "लाथ मारली." मी हात ठेवून बघितलं. मारली होती. रागीट दिसतंय पोर. बरं आहे.